वावडिंगाचं ताक

शिनोली,
१८ सप्टेंबर २०२४

कमर,

पत्र बघून हसशील. म्हनशील, घरात तीन मोबाईल आनि ही बया कागद काळा करतीय. पन तुझं कान गेल्यापास्नं तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हंजी अख्ख्या शिनोलीला कळवायचं. मी इथनं वरडनार, तू जुन्नरातनं "काय? काय गं?" करनार, आनि मधल्या खोलीत सूनबाई कान टवकारून बसनार. त्यापरीस हे बरं. शाळंत आपन एका बाकावर बसून पत्रलेखन शिकलो, ते म्हातारपनी तरी कामाला येऊ दे.

काम आसं हाय. आमची आरोही, सूरजची पोरगी, सहा वर्साची. तिला जंत झाल्यात. झोपंत कराकरा दात खाती, बूड खाजवती, गालावर पांढरं डाग आल्यात. पोट नगाऱ्यावानी आनि हातपाय काड्या. गनपतीत मोदक आसं हानलं की देवाला उरत्यात का न्हाई ही पंचाईत. आनि तरी अंगाला तोळाभर लागत न्हाई. समृद्धीला, म्हंजी तिच्या आईला, सांगितलं तर म्हनती, डॉक्टरला दाखवू, सुट्टी मिळाली की. ती अवसरीच्या कॉलेजात नोकरीला, तिला सुट्टी कवा मिळायची आनि पोरगी कवा धड व्हायची?

तर वावडिंग पाठव. तुझ्या हातानं निवडलेलं. आनि थोडी पळसबी बी पाठव, आमची आय दोन्ही एकत्र द्यायची. सावळेराम जीपवाला रोज जुन्नरला येतो, त्याच्यापाशी दे. पाकिटाला डिंक नीट लाव. त्यो मेला वाचतो.

तुझी,
साळू


जुन्नर,
२० सप्टेंबर

साळे,

वावडिंग पाठवतेय. पळसबी पाठवत नाही, रागव खुशाल. अब्बा चाळीस वर्षं या काष्ठौषधीच्या दुकानात बसले, पण वैद्याची चिठ्ठी असल्याशिवाय लहान पोरासाठी पळसबी त्यांनी कुणाला दिली नाही. मात्रा जरा हुकली की पोर उलट्या करून पिवळं पडतं. मी ती फक्त गजकर्णाला देते, लिंबाच्या रसात उगाळून वरून लावायला. तुझी आई द्यायची हे ठाऊक आहे मला. तुझ्या आईचं धाडस माझ्यात नाही.

वावडिंग जरा भाजून घे, कुटून कपड्यातून गाळ. सकाळी चिमूटभर, वाटीभर ताज्या ताकात. समोर बसवून पाजायचं. आधी गुळाचा खडा दे. गुळाला जंत गोळा होतात असं अब्बा म्हणायचे, खरं की खोटं अल्ला जाणे. गुळाच्या आशेनं पोर तोंड उघडतं, एवढं मात्र खरं.

माल यंदा माझ्या पुतण्यानं, तालिबनं आणलाय. पूर्वी आहुप्याकडच्या बाया जंगलातनं आणून द्यायच्या, आता हा पुण्याच्या बाजारातून पोत्यानं आणतो. मला ते पटत नाही. वावडिंगासारखं दिसणारं दुसरंच फळ त्यात मिसळतात लोक, सख्खं भावंड शोभेल असं. म्हणून तुझी पुडी मी दाणा दाणा बघून बांधलीय.

आणि एक विचारते. सुनेला विचारलंस ना? तिचं नाव आलं की तुझं अक्षर बारीक होतं, म्हणून विचारलं. डॉक्टरची गोळी मिळाली तर आधी ती दे बाई. त्यात माझ्या दुकानाचा अपमान नाही.

कमर


शिनोली,
२८ सप्टेंबर

कमरजहाँ,

पुडीत काय बांधलं व्हतंस?

बुधवारी दुपारी शाळंतनं फोन आला. आरोहीला उलट्या. हिरव्या हिरव्या, आनि पोट धरून गडाबडा लोळतीय. सूरज कामावर, म्हनून मी आनि आमचं हे धावलो. घोडेगावच्या दवाखान्यात दोन दिस सलाईन लावलं. पोरीचं तोंड एवढंसं झालंय. डॉक्टर म्हनला, कायतरी विषारी पोटात गेलंय. विषारी! माझ्या कानात त्यो शब्द अजून हाय.

मी तुझ्या पुडीचं नाव काढलं न्हाई. तुझ्या दुकानाची आब्रू राखली. आता तू माझी राख आनि खरं सांग. तुझ्या त्या तालिबनं पुन्याहून काय कचरा उचलून आनला? तू सांगितलं तसंच सगळं केलं. सकाळी वाटीत ताक, समोर बसवून. तिळभर फरक न्हाई.

आनि समृद्धी! दवाखान्यातनं पोरीला उचललं ती सरळ येडगावला, माहेरी. माझ्याकडं नजर वर करून बघितलं न्हाई. मी पिशवी घेऊन दारात हुबी, आनि रिक्षा निघून गेली. पोरगी तर आक्षी मुकी झालीय. डॉक्टरनं गोड बोलून विचारलं, बाळ, काय खाल्लंस, काय प्यायलीस? ओठ दाबून बसली. आईनं दम भरलेला दिसतो. मला आता दोघींचा संशय येतोय, तुझा आनि तिचा. माझी नात मला परत पायजे, कमरजहाँ. बाकी मला काय न्हाई.

साळुबाई


जुन्नर,
३० सप्टेंबर

साळे,

पन्नास वर्षांत पहिल्यांदा तू मला पूर्ण नावानं हाक मारलीस. लागलं मला. पण पोर आजारी आहे, म्हणून गिळते.

तुला दिलेल्या मालातलं उरलेलं वावडिंग मी पांढऱ्या फडक्यावर ओतलं. दाणा दाणा फोडला, चावला. मग काल आणि आज सकाळी तेच भाजून कुटून ताकात घालून प्याले. काही झालं नाही. उलट कडकडून भूक लागली. माल चोख आहे.

मग माझी नजर पळसबीच्या बरणीवर गेली. कमी झालेली दिसली. तालिबला विचारलं, तो म्हणाला, येणेऱ्याच्या एका माणसाला गजकर्णासाठी दिली. नाव विचारलं तर म्हणे, गिऱ्हाइकाचं नाव कोण विचारतं चाची? मी म्हटलं, खोटं बोलू नकोस, साळूनं सावळेरामाकडून तुला निरोप धाडला असणार. नको ते बोलले. माझ्या अब्बांनी असं दुकान चालवलं नसतं, असंही बोलले. त्यानं किल्ल्या गल्ल्यावर ठेवल्या आणि मंचरला मित्राकडे निघून गेला. जाताना सलामसुद्धा केला नाही.

आता तू सांग. पळसबी मागवलीस का चोरून? आणि एक हिशेब मला जुळत नाही. ताक सकाळी वाटीत दिलंस म्हणतेस आणि उलटी दुपारी शाळेत. खराब ताक पोटात गेलं असतं तर पोरगी घरीच ओकली असती. ते दुपारपर्यंत तिच्या पोटात गुमान कसं बसलं?

कमर


येडगाव,
१ ऑक्टोबर

कमरजहाँ मावशींना समृद्धीचा नमस्कार.

आपण एकदाच भेटलोय, माझ्या लग्नात. पत्ता सावळेराम काकांनी दिला. फोन केला असता, पण तुम्हाला ऐकू येत नाही असं ते म्हणाले.

मी सरळ विचारते. तुम्ही आमच्या आईंना काय काय पाठवलं? वावडिंग पाठवलं हे मला माहीत आहे. पहिल्याच दिवशी आई आरोहीला वाटीतून पाजत होत्या, तेव्हा मी वाटी काढून घेऊन मोरीत ओतली आणि सांगितलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही. त्या काही बोलल्या नाहीत. आई काही बोलत नाहीत तेव्हाच मला भीती वाटते.

त्या बुधवारी आरोहीचा डबा मी स्वतः भरला. बाटली मी स्वतः भरली, फिल्टरच्या पाण्यानं. मग तिच्या पोटात गेलं काय? डॉक्टर म्हणतात, काय दिलं ते कळलं असतं तर उपचार लवकर करता आले असते. आई दवाखान्यात माझ्या शेजारी बसून होत्या, त्यांनी चकार शब्द काढला नाही. आता तपासणीत जंत निघाले, गोळी दिली, पोट बरं आहे. पण पोरगी बरी नाही. "आजीनं काही दिलं का गं?" असं विचारलं की ओक्साबोक्शी रडते. आजीचं नाव काढू देत नाही. सहा वर्षांचं पोर आजीला एवढं कशाला घाबरेल, तुम्हीच सांगा.

सूरजना मी कळवलंय. आरोही आता शिनोलीला येणार नाही. त्यांना म्हटलंय, मंचरला खोली बघा, नाहीतर मी इथेच आहे. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, मावशी. त्यांनीच तिला वाढवलंय. पण माझा विश्वास उडालाय.

समृद्धी


जुन्नर,
२ ऑक्टोबर

साळे,

वाटी मोरीत ओतली गेली होती. तुझ्या सुनेचं पत्र आलंय मला.

म्हणजे "तिळभर फरक न्हाई" हे तू मला खोटं लिहिलंस. तुझ्या त्या खोट्यापायी मी माझ्या पुतण्याला घराबाहेर काढलं. आता आडपडदा नको. वाटीनंतर कशात दिलंस? कधी दिलंस? पळसबीची काय भानगड? एका ओळीत लिही, पण खरं लिही.

कमर


शिनोली,
४ ऑक्टोबर

कमर,

पळसबीला मी हात लावला न्हाई. देवीचं घट बसल्यात घरात, खोटं बोलनार न्हाई. निरोप बी धाडला न्हाई.

बाकी खरं सांगते. वाटी ओतली तेव्हा मला लई लागलं. माझ्या घरात, माझ्या नातीच्या तोंडातनं काढून मोरीत! आगं, सूरजला मी काय गोळ्या घालून वाढवला व्हता? मग मी काय केलं, समृद्धी आंघोळीला गेली की आरोहीच्या शाळंच्या बाटलीतलं पानी वतायचं आनि वावडिंगाचं ताक भरायचं, जरा गूळ घालून. पोरगी डबा खाताना प्यायची. तीन-चार दिस दिलं. घरी आली की बाटली मी आधी धुवून टाकायची, म्हंजी वास नको. झालं समाधान? पन हेच्यात वाईट काय? वाटी स्टीलची, बाटली बी स्टीलचीच. वर फुलपाखरं काढल्याली, समृद्धीनंच मोबाईलवरनं मागवल्याली.

आता खरी गोष्ट ऐक. बुधवारपास्नं आरोहीचं दप्तर हितंच पडलंय. काल घट बसवायला खोली झाडली तर त्यात ती बाटली. झाकन काढलं आनि आसा वास आला की डोकं फिरलं. बॅटरी घेऊन आत बघितलं तर भित्तींना हिरवंगार कायतरी चिकटल्यालं. मोरचुदावानी! मी घातलं पांढरं ताक, हिरवं आलं कुठनं? मी दुधखुळी न्हाई. मी ताक घालते हे तिला कळलं व्हतं, आनि तिनं वरनं कायतरी टाकलं, पोरगी जराशी ओकावी आनि म्हातारीवर आळ यावा म्हनून. म्हनूनच पोरीला मुकी करून माहेरी नेली. चोराच्या मनात चांदनं.

मी बाटली तशीच बांधून ठेवलीय. परवा रविवारी आमी येडगावला जातोय. मी, सूरज, सूरजचं बाबा, आनि माझा भाऊ. तिच्या बापाला सांगितलंय, चार मानसं बोलवा, पोलीसपाटलाला बी बोलवा. समद्यांच्या म्होरं बाटली ठेवनार आनि विचारनार, हे काय हाय? पोरगी घेऊनच माघारी येनार.

साळू


जुन्नर,
५ ऑक्टोबर, सकाळी

साळे,

सावळेरामला सांगितलंय, पत्र तुझ्या हातात द्यायचं आणि तू वाचेपर्यंत दारातून हलायचं नाही. त्यानं वाटेत वाचलं तर वाचू दे.

ती बाटली स्टीलची आहे हे तुला कुणी सांगितलं? फुलपाखरांनी? विळी घे आणि बुडाचा रंग खरवड. आत्ता. मग पुढं वाच.

तांबं निघालं ना? स्टीलला हिरवं चढत नाही, येडे. हल्ली निमुळत्या तोंडाच्या तांब्याच्या बाटल्या वरून रंगवून विकतात, तांब्यातलं पाणी तब्येतीला चांगलं म्हणून. आमच्या गल्लीत घरोघरी आहेत. पाण्यापुरतं ठीक. पण तू त्यात ताक ओतलंस, तेही गूळ घालून, आणि सकाळपासून डब्याच्या सुट्टीपर्यंत ते आत राहिलं. बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, त्याचं विष होतं, हे आपल्याला परकर नेसायच्या वयात ठाऊक होतं. तुझ्या आईनं तुला एकदा त्यावरून फोडून काढलं होतं आणि तू रडत आमच्या दुकानात आली होतीस. जे काम आपण तांब्या-पितळेच्या भांड्यात उघड्यावर कधी केलं नसतं, ते तू रंगाखाली झाकलेल्या तांब्यात, सुनेच्या चोरून केलंस. हिरवी उलटी त्याचीच. हिरवा थर त्याचाच. रोज तू बाटली धुवायचीस म्हणून तो तुला कधी दिसला नाही.

तुझ्या सुनेनं काही टाकलं नाही. माझ्या पुडीतही काही नव्हतं. तूही विष घातलं नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण दवाखान्यात गप्प बसलीस ते तू केलंस. त्याला तांबं जबाबदार नाही.

उद्या जा. जरूर जा. चार माणसं बोलावली आहेत तर त्यांच्यासमोरच सांग. तुला जड जाईल. मला काय हलकं जातंय? काल येणेऱ्याचा तो गजकर्णवाला आला, पळसबी संपली म्हणून. आहे तो माणूस, खरोखर आहे. भर दुकानात धोतर वर करून दाखवायला निघाला, मी "बस बाबा, पटलं" म्हणून हात जोडले. आता हे पत्र सावळेरामाकडे दिलं की मी मंचरची गाडी धरतेय. तालिब दारातून हाकलून देईल तर देईल.

कमर


शिनोली,
७ ऑक्टोबर

कमर,

खरवडलं. सावळेराम दारात हुबा, मी उंबऱ्यावर बसून विळीनं फुलपाखरू खरवडतेय, आनि खाली लाल तांबं. सावळेराम म्हनला, आक्का, पानी देऊ का? त्यानं वाचलं व्हतं सगळं. पन दिलं बिचाऱ्यानं पानी.

घरात कुनाला बोलले न्हाई. रातभर वाटत व्हतं, न बोलता बाटली धरनात फेकून द्यावी, म्हनावं आमची चूक झाली, पोरीला पाठवा. लई वाटलं तसं. खोटं कशाला लिहू.

येडगावला गेलो. ओसरीवर सतरंजी, पोलीसपाटील, तिचं चुलतं, सगळी आमच्याकडं आशी बघतायत जशी आमी चोरीच्या मालासकट आलोय. चहा आला, कुनी कपाला हात लावंना. माझा भाऊ बोलायला लागला, "आमच्या बहिनीवर आळ आलाय," आनि मी म्हनलं, बस दादा. बाटली काढली, सतरंजीवर ठेवली, खरवडल्याली बाजू वर. म्हनलं, ही तांब्याची हाय, मला ठाव नव्हतं. ह्यात मी ताक घातलं, वावडिंगाचं, सुनेच्या चोरून. दवाखान्यात मला इचारलं न्हाई आनि मी सांगितलं न्हाई. समृद्धीचा काडीचा दोष न्हाई.

सूरज उठून भाईर गेला. माझ्या पोटच्या पोरानं माझ्याकडं पाठ केली, कमर. समृद्धी मातूर जागची हलली न्हाई. माझ्याकडं बघत व्हती. मला वाटलं, आता बोलंल, आनि बोलली आसती तर ऐकून घेतलं आसतं. ती म्हनली, "बाटली मी आणली होती, आई. तांब्याची आहे हे मी तुम्हाला सांगितलंच नाही. तुम्ही म्हणाल पैशांची उधळपट्टी, म्हणून." आनि रडायला लागली. मग मी बी.

मग तिनं आरोहीला आतनं आनलं. पोरगी दाराच्या फळीला धरून हुबी, माझ्याकडं टकामका बघतीय, पन जवळ येईना. समृद्धी म्हनली, बाळा, आता सांग, त्या दिवशी काय प्यायलीस? आजीनं सगळं सांगितलंय, कुनी रागावनार न्हाई. पोलीसपाटील म्हनलं, सांग की बाय. ओठ दाबल्यालं तसंच. मी म्हनलं, सांग गं राजा, आजीच सांगतीय ना, सांग.

तशी ती हळूच आली, माझ्या कानाला लागली आनि म्हनली, "आजी, आधी शप्पत सुटली म्हन."

कमर, मी विसरूनच गेले व्हते गं. ताक बाटलीत भरताना पोरगी बघत व्हती. मी सहज, आपन पोराबाळांना म्हनतो तसं, तिला म्हनलं व्हतं, मम्मीला सांगायचं न्हाई हां, तुला आजीची शप्पत, सांगितलंस तर आजी मरंल. ती उलट्या करत व्हती, सलाईनची सुई टोचत व्हती, डॉक्टर इचारत व्हता, आय इचारत व्हती. पोरीनं तोंड उघडलं न्हाई. मी तिच्या आईला बोल लावत व्हते, आनि ती हिकडं मला जित्ती ठेवत व्हती.

मी म्हनलं, सुटली गं माझी बाय, सुटली, सुटली. तीनदा म्हनलं. मग तिनं एका दमात सगळं सांगितलं, ताक, गूळ, कडू लागायचं ते, सगळं. आनि सांगून झाल्यावर माझ्या मांडीवर बसली न्हाई. म्होरं हुबी राहून माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी मरते का ते बघत व्हती.

पोरीला आनलं न्हाई. समृद्धी म्हनली, दसऱ्यापर्यंत राहू दे, मग बघू. मी म्हनलं, तू म्हनशील तसं. सूरज गाडीत माझ्याशी बोलला न्हाई.

आज सकाळी चुलीम्होरं बसले व्हते. सूरजनं मोबाईल आनून माझ्या कानाला लावला, कायबी न बोलता. आरोही व्हती. "आजी, तू हायेस का?"

"हाय गं बाय," म्हनलं, "हाय."

"बरं," म्हनली आनि ठेवून दिला.

तुझी,
साळू